सरखेल आंग्रे यांच्या दोन गाड्या

रात्री अकरानंतर हॉस्टेलमध्ये एकच विषय असतो. ऐसपैस बसून लांब पल्ला मारणारी टूरिंग बाईक घ्यायची, की टाकीवर वाकून पळवायची स्पोर्ट्स बाईक? एक पार्टी बुलेटवाली, दुसरी आर-१५ वाली. मेस बंद होते पण वाद काही बंद होत नाही! मित्रांनो, वडखळ नाक्यावरून आपण ज्या अलिबागला राईड मारतो, तिथल्या एका माणसाने तीनशे वर्षांपूर्वी असंच गणित सोडवलं होतं. फक्त त्याचा रस्ता पाण्याचा होता, आणि गणित चुकलं तर किनारा हातचा जाणार होता.

कान्होजी आंग्रे. मूळ आडनाव संकपाळ, अंगरवाडी गावावरून आंग्रे झालं. वडील तुकोजी शिवरायांच्या चाकरीत होते. कान्होजी सुवर्णदुर्गावर पुढे आले आणि १६९८ च्या सुमारास छत्रपती राजाराम महाराजांनी त्यांना सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख केलं. मुंबईत इंग्रज, जंजिऱ्यात सिद्दी, चौलला पोर्तुगीज. मध्ये कुलाब्याच्या किल्ल्यात हे!

त्यांच्या आरमारात मुख्य जहाजं दोन प्रकारची. एक गुराब. दोन किंवा तीन डोलकाठ्या, वजन साधारण दीडशे ते तीनशे टन, पुढे लांब निमुळती नाळ आणि थेट समोर मारा करणाऱ्या तोफा. ही झाली टूरर. दुसरं गलबत. आज आपण कुठल्याही जहाजाला गलबत म्हणतो, पण तेव्हा तो एक ठराविक प्रकार होता. सत्तर टनांच्या आतलं, मोठं तिकोनी शीड आणि चाळीस-पन्नास वल्ही. वारा पडला तरी हे पळणारच.

आता खरी मजा बघा. इंग्रजांच्या मोठ्या जहाजांच्या बहुतेक तोफा दोन्ही कुशींना असायच्या, मागची बाजू त्या मानाने उघडी. वारा पडला की ती जहाजं जागच्या जागी लटकायची. मग गलबतं दोर लावून गुराबांना ओढत त्यांच्या पिछाडीला आणायची आणि गुराबांच्या तोफा सुरू! पिकअप गलबताचा, ताकद गुराबाची. शिवाय दोन्ही उथळ पाण्यात चालणारी, त्यामुळे अंगावर आलंच तर सरळ खाडीत घुसायचं. खोल बुडाचं जहाज मागे येऊच शकत नाही. मेकॅनिकलवाल्यांनी तरी याला दाद द्यावी.

समुद्रात जायचं तर आंग्र्यांचं दस्तक, म्हणजे परवाना घ्यावा लागे. इंग्रज कशाला ऐकतात? १७१२ मध्ये खुद्द मुंबईच्या गव्हर्नरची सशस्त्र नौका कान्होजींनी पकडली. त्यावरची एक इंग्रज बाई १७१३ मध्ये तीस हजार रुपये खंडणी घेऊनच सोडली. इंग्रज त्यांना चाचा म्हणत, म्हणोत बापडे. पण खंडणी ती खंडणीच, तेही लपवायला नको.

त्याच काळात ताराबाई की शाहू महाराज, हाही पेच होता. शाहूंचे पेशवे बहिरोपंत पिंगळे चालून आले तर कान्होजींनी त्यांनाच कैद केलं. मग बाळाजी विश्वनाथांनी बोलणी केली आणि १७१४ पर्यंत कान्होजी शाहूंच्या बाजूला आले.

पुढे १७१८ मध्ये इंग्रज खांदेरीवर आले, हात हलवत परत गेले. १७२० मध्ये त्यांनी जाड भिंतींचा, सपाट बुडाचा एक तरंगता तोफखानाच बांधून विजयदुर्गावर नेला. एवढं धूड, पण साधलं काहीच नाही. १७२१ च्या डिसेंबरात इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून थेट कुलाब्यावर आले. पेशव्यांची फौज मदतीला धावली, पोर्तुगिजांनी वेगळा तह केला आणि इंग्रज एकटे पडले.

४ जुलै १७२९ ला कान्होजी गेले. त्यांची समाधी अलिबागमध्ये आहे. बीचवर जाताना आपण तिच्या जवळून हॉर्न वाजवत जातो.

नंतर मुलांमध्ये फूट पडली. धाकटे तुळाजी विजयदुर्गावर होते. १७५६ च्या फेब्रुवारीत इंग्रज समुद्रातून आले आणि पेशव्यांची फौज, हो, या वेळी इंग्रजांच्या बाजूने, जमिनीवरून. आरमार किल्ल्यापाशी दाटीने नांगरलेलं होतं. एका जहाजाला आग लागली आणि ती पसरत गेली. गुराबं जळाली, गलबतंही जळाली. खाडी मागेच होती, पण तिथवर कोणी पोचलं नाही.