सहा टिंबांतले सूर

बँकेत माझ्या टेबलामागेच टेलिफोनचा बोर्ड होता. त्यावर बसणारा आमचा ऑपरेटर जन्मांध. शाखेतल्या सगळ्यांचे एक्स्टेन्शन नंबर त्याला तोंडपाठ. नुसत्या पावलांच्या आवाजावरून साहेबांचा आजचा मूडही तो सांगे. संध्याकाळी त्याची पेटी भजनी मंडळात वाजे. निवृत्तीनंतर त्याने संगणक घेतला. पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारी सोय त्यात होती. कानाला हेडफोन लावून, माऊसला हातही न लावता, केवळ कीबोर्डच्या आधाराने तो अभंगांच्या चाली ध्वनिमुद्रित करू लागला. पेटी एका ट्रॅकवर, तबला दुसऱ्यावर, टाळ तिसऱ्यावर.

मध्यंतरी त्याच्या घरी गेलो, तर स्वारी गप्प. ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली होती. दिसायला देखणी, पण तिच्यातली बटणे म्हणजे नुसती चित्रे. त्यांना आतून नावेच दिलेली नव्हती. संगणकाचा आवाज प्रत्येक ठिकाणी इथे बटण आहे एवढेच सांगे. कसले, ते सांगेना. आता नातू शाळेतून येईपर्यंत थांबायचे आणि त्याला शेजारी बसवायचे. चाल आपली, हात दुसऱ्याचा, हे त्याला लागले होते.

घरी परतताना मला लुई ब्रेल आठवला. ब्रेल लिपी आपल्या सगळ्यांना नावाने ठाऊक असते. पण ती शोधणारा माणूस स्वतः वादक होता आणि लिपीबरोबरच त्याने संगीत लिहिण्याची सोय केली, हे फारसे कुणी सांगत नाही.

लुईचा जन्म ४ जानेवारी १८०९ चा, पॅरिसच्या पूर्वेकडील कूव्रे या लहानशा गावातला. वडील घोड्यांची खोगिरे आणि चामड्याचे सामान बनवीत. तीन वर्षांचा लुई त्यांच्या कामाच्या खोलीत खेळत असताना आरीसारखे टोकदार हत्यार हातातून निसटले आणि डोळ्यात गेले. जखम चिघळली, संसर्ग दुसऱ्या डोळ्यालाही झाला आणि पाचव्या वर्षापर्यंत दृष्टी पूर्ण गेली. आईवडील मात्र हातपाय गाळून बसले नाहीत. गावच्या धर्मगुरूंच्या मदतीने लुई डोळस मुलांच्या शाळेत बसू लागला आणि ऐकून ऐकून शिकला. १८१९ च्या फेब्रुवारीत, दहा वर्षांचा असताना, तो पॅरिसच्या अंध मुलांच्या संस्थेत दाखल झाला.

ही संस्था वालांतँ आउई या डोळस गृहस्थाने काढलेली. त्याने जाड कागदावर नेहमीचीच अक्षरे फुगवून उठवली होती. पुस्तके मोजकीच आणि अवजड. एकेक अक्षर चाचपडत ओळ संपेपर्यंत तिची सुरुवात विसरून जावी. त्याहून मोठी अडचण अशी, की मुलांना ते कसेबसे वाचता येई, पण स्वतःच्या हाताने लिहिता येत नसे. संगीत मात्र संस्थेत मनापासून शिकवले जाई, कारण चर्चमध्ये ऑर्गन वाजवणे हा अंध माणसाला सन्मानाने पोट भरण्याचा एक मार्ग होता. लुई चेलो आणि ऑर्गन उत्तम वाजवू लागला.

१८२१ साली शार्ल बार्बिए नावाच्या माजी लष्करी अधिकाऱ्याने उठावदार टिंबांची एक पद्धत संस्थेत आणली. एका खुणेत बारा टिंबे. ती एका स्पर्शात बोटाखाली मावत नसत आणि संगीतासाठी तीत काहीच नव्हते. लुईने तीच कल्पना धरली. दिवसा वर्ग, रात्री कागद आणि टोचणी. ज्या जातीच्या हत्याराने डोळे नेले, तशाच टोकाने तो अक्षरे टोचत होता. १८२४ मध्ये, अवघ्या पंधराव्या वर्षी, त्याची सहा टिंबांची लिपी बहुतांशी तयार झाली. १८२९ मध्ये तिचे पुस्तक निघाले, आणि त्याच्या शीर्षकातच शब्दांच्या बरोबरीने संगीताचा उल्लेख होता.

पाश्चात्त्य संगीत पाच रेघांवर लिहितात. स्वर कितव्या रेघेवर आहे हे डोळ्याला चटकन दिसते; बोटाला त्या रेघा म्हणजे नुसता गुंता. ही संगीतलिपी पुढे ज्या रूपात रूढ झाली, तीत रेघा नाहीतच. खुणेच्या वरच्या चार टिंबांवरून स्वर कोणता ते कळते आणि खालच्या दोन टिंबांवरून तो किती वेळ धरायचा ते. अडचण एवढीच, की एक हात वाचण्यात गुंतला की वाजवायला दुसराच उरतो. म्हणून तुकडा तुकडा पाठ करावा लागतो. पण कुणाला वाचून दाखवायला सांगावे लागत नाही, आणि सुचलेली चाल आपल्याच हाताने कागदावर उतरते.

१८३३ मध्ये लुई त्याच संस्थेत पूर्णवेळ शिक्षक झाला आणि पुढच्या वर्षी सेंट निकोला दे शां या चर्चमध्ये ऑर्गनवादक. डोळस माणसांनाही वाचता यावीत अशी अक्षरे टिंबांनी लिहिण्याची पद्धत त्याने १८३९ मध्ये काढली. फूको या अंध मित्राने १८४१ मध्ये त्यासाठी यंत्रही बनवले. घरी आईला आपल्या हाताने पत्र लिहिता यावे, एवढी साधी गरज त्यातून भागणार होती.

आणि नेमक्या याच काळात संस्थेच्या नव्या संचालकांनी ब्रेलची टिंबे वर्गातून बंद केली. द्यूफो हे काही दुष्ट गृहस्थ नव्हते. अंधांनी डोळसांचीच अक्षरे वाचावीत, वेगळी लिपी त्यांना समाजापासून तोडेल, असे त्यांना वाटे. हेतू चांगला, पण ज्यांच्यासाठी सारे चालले होते, त्यांच्या बोटांचे मत विचारले गेले नाही. मुले चोरून टिंबांतच लिहीत राहिली. सहायक गादे यांनी बाजू घेतली आणि १८४४ मध्ये संस्थेच्या नव्या इमारतीच्या उद्घाटनात या लिपीचे जाहीर प्रात्यक्षिक झाले. तोवर लुईला क्षयाने पोखरले होते. ६ जानेवारी १८५२ रोजी, त्रेचाळिसावा वाढदिवस होऊन दोनच दिवस झाले असता, तो गेला. त्यानंतर दोन वर्षांनी, १८५४ मध्ये, त्याच्याच संस्थेने त्याची लिपी अधिकृतपणे स्वीकारली. भारतीय भाषांसाठी भारती ब्रेल ठरली ती १९५१ मध्ये. १९५२ मध्ये फ्रान्सने त्याचे अवशेष पॅरिसच्या पँथिऑनमध्ये सन्मानाने नेले. हात मात्र कूव्रेत ठेवले.

द्यूफोंची चूक अजून संपलेली नाही, असे मला वाटते. संगीताच्या सॉफ्टवेअरमध्ये आवाजाची लहर पडद्यावर काढलेली असते, आणि फिरवायची बटणेही चित्रातली. आवाजाचे काम, पण सारी मांडणी डोळ्यांसाठी. यात कुणाचा द्वेष नसतो; फक्त बनवताना अंध माणसाला कुणी शेजारी बसवलेले नसते. जिथे बसवले, किंवा तो स्वतःच कामाला लागला, तिथे वाट निघाली. २००६ मध्ये मायकल करन आणि जेम्स टेह या दोन अंध ऑस्ट्रेलियन तरुणांनी पडदा वाचून दाखवणारे एनव्हीडीए हे सॉफ्टवेअर सुरू केले आणि ते फुकट दिले. पुढे टेह यांनी रीपर या ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरला जोडायचे ओसारा बनवले. कुठला ट्रॅक, कुठले माप, आवाज किती, हे ते बोलून सांगते.

ही माहिती मी आमच्या ऑपरेटरला फोनवर दिली. पुन्हा नव्याने सगळ्या कळा पाठ करायच्या म्हणून तो आधी कुरकुरला. दोन महिन्यांनी त्याने एक अभंग पाठवला. मी लगेच फोन करून नातवाने किती मदत केली म्हणून विचारले. नातवाने या खेपेला फक्त टाळ वाजवले होते.