पटकीचा माग काढणारे डॉ. जॉन स्नो

जॉन स्नो यांचा जन्म १८१३ मध्ये इंग्लंडमधील यॉर्क शहरात एका मजुराच्या घरी झाला. चौदाव्या वर्षी ते न्यूकॅसलला एका डॉक्टरांच्या हाताखाली शिकू लागले. तिथे १८३१-३२ च्या पटकीच्या, म्हणजे कॉलऱ्याच्या साथीत त्यांनी कोळसा खाणीतील कामगारांवर उपचार केले. पुढे लंडनमध्ये ते नामवंत भूलतज्ज्ञ झाले. १८५३ मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या बाळंतपणात क्लोरोफॉर्म त्यांनीच दिला.

पटकी दूषित, दुर्गंधीयुक्त हवेतून होते, असे त्या काळी बहुतेक डॉक्टर मानत. स्नो यांना ते पटेना. आजाराची सुरुवात पोटात होते, तेव्हा त्याचे मूळ तोंडावाटेच आत जात असणार, असे त्यांनी १८४९ मध्ये मांडले. पण पुरावा हवा होता.

१८५४ च्या ऑगस्टअखेर सोहो भागातील ब्रॉड स्ट्रीटच्या परिसरात साथ भडकली. सहाशेहून अधिक माणसे दगावली. मृतांची यादी घेऊन स्नो घरोघरी फिरले. बहुतेक जण एकाच सार्वजनिक पंपाचे पाणी पीत होते. जवळच्या अनाथ-गरिबांच्या आश्रमात ५३५ जण राहत, पण मृत्यू फक्त ५ झाले. तिथे स्वतंत्र विहीर होती. शेजारच्या बिअर कारखान्यातला एकही कामगार दगावला नाही. ते त्या पंपावर जातच नसत. उलट, कित्येक मैल दूर हॅम्पस्टेडला राहणारी एक विधवा दगावली. तिला त्या पंपाच्या पाण्याची चव आवडे, म्हणून ती ते मुद्दाम मागवत असे. या अपवादांनीच पाण्यावरचा संशय पक्का केला. ८ सप्टेंबरला पंपाचा दांडा काढण्यात आला. मात्र तोवर अनेक रहिवासी परिसर सोडून गेले होते आणि साथही ओसरू लागली होती.

त्याहून भक्कम पुरावा दक्षिण लंडनमध्ये मिळाला. तिथे एकाच गल्लीत दोन कंपन्यांचे नळ होते. हवा तीच, वस्ती तीच, पाणी मात्र वेगळे. एक कंपनी शहराच्या वरच्या बाजूचे पाणी घेई, दुसरी सांडपाण्याने घाण झालेले टेम्सचे. आपले पाणी कोणत्या कंपनीचे, हे अनेकांना ठाऊक नसे. मग स्नो पाण्यातील मिठाचे प्रमाण तपासून ते ओळखत. दर १०,००० घरांमागे घाण पाण्याच्या कंपनीकडे ३१५, तर दुसरीकडे ३७ मृत्यू आढळले.

तरीही सरकारी आरोग्य मंडळाने त्यांचे म्हणणे स्वीकारले नाही. १८५८ मध्ये, अवघ्या ४५ व्या वर्षी स्नो यांचे निधन झाले. पुढे १८८४ मध्ये रॉबर्ट कॉख यांनी कलकत्त्यात पटकीच्या जंतूंचा संबंध निश्चित केला.

आजही गावात जुलाबाची साथ आली की आरोग्य कर्मचारी घरोघरी जाऊन पहिल्यांदा पाणी कुठून भरता, हेच विचारतात. हा प्रश्न आजारी नसलेल्या घरांतही विचारायचा असतो, हे स्नो यांनी दाखवून दिले.