पानिपतचे गणितज्ञ मास्टर रामचंद्र

मराठी माणसाच्या मनात पानिपत हे नाव १७६१ च्या रणसंग्रामाशी जोडले गेले आहे. त्याच पानिपतमध्ये १८२१ साली जन्मलेल्या मास्टर रामचंद्र यांनी आपल्या गणिती युक्तिवादाने लंडनच्या विद्वानांचे लक्ष वेधले होते.

बालपणीच त्यांचे पितृछत्र हरपले. दिल्लीत इंग्रजी शिक्षण घेऊन १८४४ मध्ये ते दिल्ली कॉलेजात विज्ञानाचे अध्यापक झाले. उर्दू नियतकालिकांद्वारे त्यांनी नव्या विज्ञानाचा प्रसार केला. १८५० मध्ये त्यांनी महत्तम आणि लघुतम मूल्यांवरील ग्रंथ कलकत्त्यात स्वखर्चाने प्रसिद्ध केला. कलनशास्त्राऐवजी केवळ बीजगणिताने अशी उदाहरणे सोडवण्याच्या या पद्धतीमागे भास्कराचार्यांच्या परंपरेची प्रेरणा होती.

उदाहरणार्थ, १० चे दोन भाग केल्यास त्यांचा गुणाकार जास्तीत जास्त किती होईल? गुणाकार २५ हून अधिक मानल्यास वर्गसमीकरणात ऋण संख्येचे वर्गमूळ येते. अर्थात असे भाग अस्तित्वातच नसतात. ‘महत्तम’ या शब्दात अशी दोन विधाने सामावली आहेत: २५ गुणाकार देणारे भाग आहेत, आणि सर्व भागांपैकी कोणाचाही गुणाकार त्याहून अधिक नाही. ‘आहे’ आणि ‘सर्व’ या कल्पनांचे नियम मांडणारे शास्त्र म्हणजे विधेय तर्कशास्त्र. गणितातील सिद्धतांपासून संगणकीय माहितीसाठ्यातील शोधापर्यंत त्याचा उपयोग होतो.

कलकत्त्यात ग्रंथावर कठोर टीका झाली. मात्र ड्रिंकवॉटर बेथून यांनी तो लंडनला ऑगस्टस डी मॉर्गन यांच्याकडे पाठवला. मदुराई येथे जन्मलेल्या या गणितज्ञाने ईस्ट इंडिया कंपनीकडे रामचंद्र यांची शिफारस केली. १८५९ मध्ये त्यांच्या विस्तृत प्रस्तावनेसह ग्रंथाची लंडन आवृत्ती निघाली.

दरम्यान, १८५२ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारलेल्या रामचंद्र यांना १८५७ च्या उठावात जीव वाचवण्यासाठी दिल्ली सोडावी लागली. पुढे रुरकी आणि दिल्ली येथे अध्यापन करून त्यांनी पतियाळा संस्थानात शिक्षण खात्याची धुरा सांभाळली. १८८० मध्ये त्यांचे निधन झाले.

रामचंद्र स्वतः तर्कशास्त्रज्ञ नव्हते. परंतु त्यांची पाठराखण करणाऱ्या डी मॉर्गन यांनी १८६० मध्ये ‘मोठा असणे’ यांसारख्या संबंधांचे तर्कशास्त्र मांडले. १८७९ मध्ये जर्मनीच्या गोटलोब फ्रेगे यांनी या शास्त्राला परिपूर्ण चौकट दिली. त्या इतिहासाशी पानिपतच्या या शिक्षकाचे नाव डी मॉर्गन यांच्यामुळे जोडले गेले आहे.