मरहूम अब्दुल्लाह यूसुफ अली



आपल्यापैकी अनेकांच्या घरी कपाटाच्या वरच्या खणात, स्वच्छ रुमालात बांधलेली, कुरआन शरीफची इंग्रजी तर्जुम्यासह एक जाड प्रत असते. ती हलक्या हाताने खाली काढा आणि पहिले पान उघडा. बहुतेक ठिकाणी तुम्हाला एक नाव दिसेल : अब्दुल्लाह यूसुफ अली. हे नाव लंडनच्या एखाद्या पंडिताचे असावे असा पुष्कळांचा समज असतो. मात्र हा मुलगा मुंबईत अंजुमनच्या शाळेत शिकला होता. तुमच्यासारखाच त्यानेही इंग्रजीचा पहिला धडा परकी भाषा म्हणूनच गिरवला होता.

त्यांचा जन्म १४ एप्रिल १८७२ चा. घराणे मूळ सुरतेकडील बोहरा व्यापाऱ्यांचे. वडिलांनी मात्र तराजू बाजूला ठेवून पोलीस खात्यात नोकरी धरली, इन्स्पेक्टर झाले आणि पुढे सरकारकडून खानबहादूर हा किताब मिळवला. मुलगा चार-पाच वर्षांचा असतानाच कुरआन शरीफची अरबी अक्षरे वाचू लागला. नुसते पठण पुरे होणार नाही हे ओळखून वडिलांनी त्याला अरबी भाषाही शिकवली. पालकांनी ही गोष्ट ध्यानात घ्यावी. इंग्रजी नंतर आली; आधी घरची तालीम पक्की झाली.

अंजुमनच्या शाळेनंतर ते विल्सन कॉलेजात गेले. हे स्कॉटिश मिशनऱ्यांचे कॉलेज. आपल्या समाजात त्या काळी इंग्रजी शिकण्याबद्दलच मोठी धास्ती होती, त्यात हे पाद्र्यांचे कॉलेज ! ही धास्ती अगदीच निराधार होती असे मी म्हणणार नाही, कारण इंग्रजी भाषेच्या नसानसांत बायबल भिनलेले आहे. १६११ साली इंग्लंडात राजा जेम्सच्या आज्ञेने जे भाषांतर छापले गेले, त्यातील कितीतरी वाक्प्रचार आज वर्तमानपत्रांत रोज दिसतात. जबाबदारी झटकणाऱ्याने त्या गोष्टीतून हात धुतले असे इंग्रज म्हणतो, तेव्हा त्यामागे ख्रिस्ताच्या खटल्यातील रोमन सुभेदाराची कथा असते. अटळ संकटाची खूण दिसली की तो भिंतीवरील अक्षरांची गोष्ट काढतो. ती बाबिलच्या राजाच्या मेजवानीतील. ही कथा ठाऊक नसलेला विद्यार्थी 'रायटिंग ऑन द वॉल' चा अर्थ 'भिंतीवर लिहू नये' असा सांगतो. हे उत्तर मी स्वतः तपासलेल्या पेपरात वाचले आहे आणि त्या मुलाचा मला राग आला नाही.

यातील गंमत अशी की यूसुफ अलींसारख्या मुलाला हे जग सर्वस्वी परके नव्हते. इंग्रजीत 'पेशन्स ऑफ जोब' म्हणतात, तो आपला सब्र-ए-अय्यूब. (स्पेलिंग नोकरीच्या जॉबचेच, पण उच्चार जोब, हे परीक्षेसाठी लक्षात ठेवा.) जोनाह म्हणजे हजरत यूनुस, मोझेस म्हणजे हजरत मूसा, ॲरन म्हणजे हजरत हारून, गेब्रियल म्हणजे जिब्रील. आणि जोसेफ म्हणजे यूसुफ, म्हणजे त्या मुलाचे स्वतःचेच नाव ! सुईच्या नाकातून उंट जाण्याचा इंग्रजी वाक्प्रचार बायबलातून आला. हाच दाखला कुरआन शरीफच्या सूरह आराफमध्येही आहे. ज्याच्याजवळ घरचा साठा आहे, त्याला परक्याच्या घरातही ओळखीच्या वस्तू सापडतात.

१८९१ साली ते पहिल्या वर्गात बी. ए. झाले. मुंबई इलाख्याची शिष्यवृत्ती मिळाली आणि केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात कायद्याच्या अभ्यासासाठी गेले. १८९५ मध्ये आय. सी. एस. होऊन परतले आणि संयुक्त प्रांतात अधिकारी म्हणून रुजू झाले. नोकरीत असतानाच १९०० साली त्यांनी त्या प्रांतातील रेशमी कापडावर एक पुस्तक लिहिले. सुरतेच्या घराण्याचे रक्त बोलले म्हणायचे !

त्यांची इंग्रजी कशी होती, हे समजण्यासाठी थोडे आपल्याच बोलीकडे पाहू. आपण 'तो रागात बोलून गेला' म्हणतो; येथे कोणी कोठे जात नाही. 'पत्र लिहून टाकले' म्हणतो. येथे काही फेकलेले नसते. 'नको ते करून बसला' यातला माणूस उभाही असू शकतो. इंग्रजीतही क्रियापदाला असेच शेपूट लागते आणि अर्थ फिरतो. 'गिव्ह' म्हणजे देणे. पण 'गिव्ह अप' म्हणजे सोडून देणे, 'गिव्ह इन' म्हणजे नमते घेणे. 'लुक आफ्टर' म्हणजे सांभाळणे आणि 'लुक डाउन अपॉन' म्हणजे तुच्छ लेखणे. आमची मुले अशा शंभर-शंभर क्रियापदांच्या याद्या घोकतात आणि निबंधात एकही वापरत नाहीत. मुलाला 'बोलून गेला' चा अर्थ कोणत्या यादीने शिकवला होता ? तो त्याने आईच्या तोंडून ऐकला. यूसुफ अलींनी इंग्रजी वाचली, तीत लिहिले, ती बोलले, तीत भाषणे केली. १९१७ पासून दोन वर्षे तर ते लंडनच्या विद्यापीठात इंग्रजांना हिंदुस्थानी शिकवत होते.

पण आयुष्य सरळ गेले नाही. १९०० साली त्यांनी एका इंग्रज स्त्रीशी विवाह केला, तोही चर्चमध्ये. चार मुले झाली. १९१२ मध्ये घर मोडले, तलाक झाला, आणि ती मुले पुढे बापाला कायमची दुरावली. १९१४ साली त्यांनी आय. सी. एस.चा राजीनामा दिला. पहिल्या महायुद्धात ते ठामपणे इंग्रजांच्या बाजूने उभे राहिले. समोर तुर्कस्तान होते, त्यामुळे आपल्या समाजात पुष्कळांना हे मुळीच रुचले नाही. सरकारने त्यांना सी. बी. ई. हा किताब दिला. साम्राज्यावरील त्यांचा हा विश्वास मला फार भाबडा वाटतो; थोर माणसाचे चरित्र सांगताना ही बाजू झाकून ठेवणे शिक्षकाला शोभणार नाही. १९२० साली त्यांनी दुसरा विवाह केला, तोही टिकला नाही. मधल्या काळात हैदराबादेस निजामांकडे महसूल खाते सांभाळले आणि लाहोरच्या इस्लामिया कॉलेजचे प्रिन्सिपॉलपद भूषवले.

याच लाहोरातून १९३४ साली त्यांच्या तर्जुम्याचा पहिला भाग निघाला. शेख मुहम्मद अशरफ हे प्रकाशक. एकेक पारा करीत १९३७ पर्यंत काम पुरे झाले. मूळ अरबी, शेजारी इंग्रजी आणि खाली सहा हजारांहून अधिक टिपा ! हा मजकूर त्यांनी वर्षानुवर्षे प्रवासात जवळ बाळगला होता. मनातील वादळांचा उल्लेख त्यांनी प्रस्तावनेत केला आहे. घर मोडलेल्या माणसाने या कामात आसरा शोधला असे मला वाटते.

आता शब्दांची कसोटी पाहा. नमाज आणि दुआ या आपल्याकडे दोन गोष्टी आहेत. इंग्रजीत दोन्हींना 'प्रेअर' म्हणतात. म्हणून त्यांनी नमाजसाठी जागोजागी 'रेग्युलर' हा शब्द जोडला. 'चॅरिटी' म्हणजे दानधर्म, मनात आले तर द्यावा; जकात तर फर्ज. तेथेही 'रेग्युलर' शब्द कामी आला. सब्र या शब्दाला त्यांनी एका टिपेत स्पष्ट सांगून टाकले की याच्या सर्व छटा एका इंग्रजी शब्दात मावत नाहीत. म्हणून कोठे धीर, कोठे चिकाटी असे शब्द त्यांनी योजले. तकवा या शब्दाचेही तसेच : त्यात भीती आहे, संयम आहे, सदाचरणही आहे. आमचे विद्यार्थी डिक्शनरीतील पहिला अर्थ उचलतात आणि मोकळे होतात. त्यांनी या टिपा अवश्य पाहाव्यात.

एका शब्दाविषयी मात्र वाद राहिला. त्यांच्या अगोदर, १९३० साली, मार्माड्यूक पिक्थॉल यांचा तर्जुमा निघाला होता. हे गृहस्थ पाद्र्याचे चिरंजीव, इंग्रज कादंबरीकार. १९१७ साली त्यांनी इस्लाम जाहीरपणे स्वीकारला. पुढे मुंबईस 'बॉम्बे क्रॉनिकल' चे संपादक आणि नंतर हैदराबादेत हायस्कूलचे हेडमास्तर झाले. या इंग्रजाने 'अल्लाह' हा शब्द तसाच ठेवला, कारण त्याच्या मते त्याला इंग्रजीत जोड नव्हती. आणि मुंबईत शिकलेल्या यूसुफ अलींनी 'गॉड' लिहिले ! दोघांनीही आपापल्या मातृभाषेकडे पाठ फिरवल्यासारखे हे दिसते. मला वाटते, इंग्रजाला आपल्या भाषेतील उणीव ठाऊक होती. यूसुफ अलींना इंग्रज वाचकाला त्याच्याच ओळखीच्या शब्दाने हाक मारायची होती. १९८९ साली अमेरिकेत निघालेल्या सुधारित आवृत्तीत 'गॉड' काढून 'अल्लाह' घातले गेले. तुमच्या घरच्या प्रतीत कोणता शब्द आहे ते पाहा. प्रत जुनी की सुधारलेली याचा अंदाज येईल.

त्यांचे नाव दूरवर गेले. १९३८ मध्ये कॅनडातील एडमंटन येथे त्या देशातील पहिली मशीद उघडली गेली, ती यूसुफ अलींच्या हस्ते. पण उतारवयात ते लंडनला एकाकी पडले. ९ डिसेंबर १९५३ रोजी, ऐन थंडीत, वेस्टमिन्स्टर भागात एका दाराशी हा एक्क्याऐंशी वर्षांचा वृद्ध पोलिसांना निराधार अवस्थेत आढळला. इस्पितळात नेले, दुसऱ्या दिवशी तेथून वृद्धाश्रमात पाठवले. त्याच दिवशी हृदयविकाराचा झटका आला आणि फुलहॅमच्या इस्पितळात त्यांचा इंतकाल झाला. ज्या शहरात त्यांनी भाषणे केली, वर्ग घेतले, किताब मिळवला, तेथे मय्यत ताब्यात घेण्यास नात्यातले कोणी आले नाही.

शेवटी पाकिस्तानच्या हाय कमिशनने दफनाची व्यवस्था केली. सरे परगण्यात वोकिंगजवळ ब्रुकवुड येथे मोठे कब्रस्तान आहे. त्यातील मुस्लिमांच्या भागात त्यांना दफन करण्यात आले. १९३६ साली निवर्तलेल्या पिक्थॉल साहेबांची कबर तेथून फारशी दूर नाही.