कचेरी सुटल्यावर : अण्णासाहेब किर्लोस्कर

वर्धापनदिनाला ‘सौभद्रा’तला एक प्रवेश आपणच बसवायचा असे ठरले, आणि तालमीला माझे माजघर मिळाले. घरात थोडी कुरकुर झाली. या वयात, तेही सातवी झालेल्या बाईने, तोंडाला रंग लावून काय मिळवायचे, असा तिचा अर्थ. मी हसण्यावारी नेले, पण काम सोडून द्यावे असे दोनतीनदा मनात आले. तशात वाचनालयातून अण्णासाहेब किर्लोस्करांचे चरित्र आणले. वाचले ते माझ्या साध्या भाषेत सांगते.

बळवंत पांडुरंग किर्लोस्कर १८४३ साली बेळगावकडे गुर्लहोसूरला जन्मले. शिकायला पुण्यास धाडले, तर लक्ष सगळे नाटकमंडळ्यांकडे. त्यांना पदे करून द्यायची. परीक्षा राहिली ती राहिलीच. घरच्यांना काय वाटले असेल ते आपण आयांनी ओळखावे! पुढे बेळगावास मास्तरकी, मग पुण्यास रेव्हेन्यू कमिशनरच्या कचेरीत नोकरी. दुसऱ्या कुणाची हौस तिथेच विझली असती.

पुण्यात त्यांनी पारशी मंडळीचे गाण्यांचे नाटक पाहिले आणि मराठीत असे का नसावे, हे मनाने घेतले. कालिदासाचे ‘शाकुंतल’ मराठीत उतरवायला बसले. मित्र जमवले. मोरोबा वाघोलीकरांचा गळा गोड, बाळकोबा नाटेकर गाण्यातले जाणकार. दिवसा दप्तर, कचेरी सुटली की तालीम. या मंडळींच्या जेवणाखाणाची उठाठेव कोणत्या बायका करीत, ते मात्र मी वाचले त्यात कुठे आले नाही.

३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्याच्या आनंदोद्भव नाटकगृहात पहिले चार अंक झाले. मोरोबा दुष्यंत, शंकरराव मुजुमदार शकुंतला, आणि सूत्रधार स्वतः अण्णासाहेब. पूर्वी सगळ्यांची पदे सूत्रधारच म्हणे. आता ज्याचे दुःख त्यानेच गायचे. चाली साकी-दिंडीच्या, कीर्तनातल्या, कानडी मुलखातल्या, म्हणजे लोकांच्या कानांवरून गेलेल्या.

दोन वर्षांनी, १८८२ मध्ये, ‘सौभद्र’ आले. मला ते जास्त आवडते. थोरल्या भावाने बहिणीचे लग्न परस्पर ठरवावे, तिने मनात कुढावे आणि धाकट्याने गुपचूप डाव टाकावा! देव असले तरी बोलणे आपल्या वाड्यातले. सुभद्रेचे काम भाऊराव कोल्हटकर करीत. बाईचे मन इतके ओळखणाऱ्या नाटकात बाई एकही नव्हती. आमच्या प्रवेशात कृष्ण बाई आणि बलरामही बाई, म्हणजे फिटंफाट झाली.

‘रामराज्यवियोग’ अपुरे ठेवून अण्णासाहेब २ नोव्हेंबर १८८५ रोजी गेले. वय बेचाळीस. मी आज त्याच वयाची आहे.

पुस्तक परत करण्याआधी माजघरात सगळ्यांना दिसेल असे ठेवले आहे. मी काम सोडलेले नाही. तालीम मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी तीनला. बलरामाच्या मुकुटासाठी कुणाकडे जुनी जर असल्यास घेऊन यावी.