सर्पगंधेचे वकील : डॉ. रुस्तम जाल वकील

दिल्लीतील आम्हां मराठी मंडळींना करोलबागेतील तिब्बिया कॉलेज नवे नाही. हकीम अजमलखान यांच्या या संस्थेत १९३१ साली डॉ. सलीमुज्जमान सिद्दिकी यांनी सर्पगंधेच्या मुळांतून स्फटिकरूप द्रव्ये वेगळी केली व त्यांपैकी एकास हकीमसाहेबांच्या स्मरणार्थ ‘अजमलीन’ हे नाव दिले. त्याच वर्षी कलकत्त्याच्या डॉ. गणनाथ सेन व डॉ. कार्तिकचंद्र बोस यांनी ही मुळी उन्माद आणि रक्तदाब या दोहोंवर गुणकारी असल्याचे लिहिले. परंतु घरच्या या औषधाला जगाच्या दरबारी मान्यता मिळवून द्यावी, हे भाग्य मुंबईच्या एका हृदयरोगतज्ज्ञाच्या वाट्यास यायचे होते.

डॉ. रुस्तम जाल वकील यांचा जन्म १९११ सालचा, मुंबईच्या पारशी समाजातला. आज हृदयरोगतज्ज्ञ होण्यासाठी एम. बी. बी. एस., एम. डी., डी. एम. अशा ठरलेल्या पायऱ्या आहेत. त्यापुढे जाऊन केवळ फुप्फुसांतील रक्तदाबाला वाहून घेणारे तज्ज्ञही राजधानीत आढळतात. वकिलांच्या तरुणपणी भारतात ही शिडी उभी राहिलेली नव्हती. लंडनला एम. डी. होऊन ते १९३८ साली मायदेशी परतले. पुढचे शिक्षण त्यांना रुग्णांनीच दिले. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयाशी त्यांचे नाव कायमचे जोडले गेले.

वाढत्या रक्तदाबापुढे त्या काळी थोरामोठ्यांचेही काही चालत नसे. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट १९४५ साली मेंदूतील रक्तस्रावाने गेले, त्यामागे हाच विकार होता. मिठावाचून भात खाणे, नाहीतर मज्जातंतू छेदण्याची शस्त्रक्रिया, असे कठोर उपाय वैद्यांच्या हाती होते. अशा वेळी वकिलांनी सर्पगंधेची बाजू हाती घेतली. ही मुळी आपल्याकडे पूर्वापार वापरात होती. परंतु परंपरा हा पुरावा नव्हे, हे त्यांनी ओळखले. रोग्यांचा रक्तदाब वारंवार मोजावा, नोंदी ठेवाव्यात आणि मगच बोलावे, असा त्यांचा शिरस्ता. सुमारे दहा वर्षांच्या अनुभवानंतर, १९४९ साली, ५० रुग्णांवरील प्रयोगाचा वृत्तांत त्यांनी ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये प्रसिद्ध केला.

त्या लेखाने बोस्टनच्या डॉ. रॉबर्ट विल्किन्स यांचे लक्ष वेधले आणि सर्पगंधा अमेरिकेत पोहोचली. १९५२ साली स्वित्झर्लंडमधील सीबा कंपनीच्या संशोधकांनी तिच्यातील रेसर्पिन वेगळे केले. १९५७ साली अमेरिकेतील मानाचे लास्कर पारितोषिक वकिलांना लाभले. अस्पी गोलवाला यांच्यासमवेत त्यांनी लिहिलेला रोगनिदानावरील ग्रंथ वैद्यकाच्या विद्यार्थ्यांच्या पिढ्यांनी अभ्यासला. १९७४ साली ते निवर्तले.

रेसर्पिनने काही रुग्णांच्या मनाला खिन्नता येते असे पुढे दिसून आले, अधिक सोयीची औषधे आली आणि सर्पगंधेचा वापर ओसरला. यात वकिलांच्या कार्याला उणेपणा आहे असे आम्हांस वाटत नाही. औषध मागे पडले, तेही मोजून-पारखूनच. आणि मोजून-पारखून पाहण्याचा हा मार्ग त्यांनी आपल्या मुळीला दाखविला होता. दूरदेशी राहणाऱ्यांना घरच्या ठेव्याचा अभिमान अंमळ अधिकच असतो. तो अभिमान परीक्षेला बसवण्याचे धैर्य या वैद्याने दाखविले, म्हणून सुवर्णमहोत्सवी वर्षात आम्ही त्यांचे स्मरण करीत आहोत.