डॉ. मारिया मॉन्टेसरी : बालकांच्या घराची जननी

‘मॉन्टेसरी’ हा शब्द आज आपल्या घराघरांत रुळला आहे. मात्र या नावामागे एका मातेची व्यथा दडलेली आहे, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल.

मारिया मॉन्टेसरी यांचा जन्म ३१ ऑगस्ट १८७० रोजी इटलीतील किआराव्हाल्ले या गावी झाला. १८९६ साली रोमच्या विद्यापीठातून त्या डॉक्टर झाल्या. त्या काळी इटलीत स्त्री डॉक्टर ही अपूर्वाईची गोष्ट होती. मतिमंद बालकांची शुश्रूषा करताना त्यांच्या ध्यानात आले की, या मुलांना औषधापेक्षा हाताला काम देणाऱ्या शिक्षणाची अधिक गरज आहे.

१८९८ साली त्यांना मारिओ हा पुत्र झाला. एका सहकारी डॉक्टरपासून, विवाहाविना झालेले हे मूल. लोकापवादाच्या भयाने त्याला खेड्यातील एका कुटुंबाकडे वाढवण्यास देण्यात आले. आई त्याला भेटून येई, परंतु आपले नाते उघड करू शकत नसे.

६ जानेवारी १९०७ रोजी, तीन राजांच्या सणाच्या दिवशी, रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत त्यांचे पहिले ‘बालकांचे घर’ सुरू झाले. आईवडील कामावर गेल्यावर मुले भिंती खराब करतात, म्हणून इमारतीच्या मालकांनी ही सोय केली होती. बाईंनी उपदेश बाजूला ठेवून मुलांचे निरीक्षण केले. खेळणी सोडून मुले लाकडी दट्ट्यांच्या साधनांत रमत. खरखरीत कागदाच्या अक्षरांवरून बोट फिरवता फिरवता ती लिहू लागली. बक्षीस आणि शिक्षा यांची गरजच उरली नाही. शिक्षकाऐवजी बालक शिक्षणाच्या केंद्रस्थानी आले.

मारिओ किशोरवयात आईकडे परतले आणि पुढे तिच्या कार्यातील साथीदार झाले. तरीही जगापुढे त्यांची ओळख नातलग वा दत्तकपुत्र अशीच राहिली. १९३९ साली मायलेक मद्रासला आले. १९४० साली इटली युद्धात उतरताच ब्रिटिश सरकारने मारिओंना अहमदनगरच्या (आजचे अहिल्यानगर) छावणीत स्थानबद्ध केले. बाईंच्या सत्तराव्या वाढदिवसाची भेट म्हणून व्हाइसरॉयनी त्यांना सोडले आणि तारेत त्यांचा उल्लेख पुत्र असाच केला. बेचाळीस वर्षे झाकून ठेवलेले नाते असे उजेडात आले.

६ मे १९५२ रोजी हॉलंडमध्ये बाईंचे निधन झाले. तेथील कॅथोलिक दफनभूमीत त्या चिरनिद्रा घेत आहेत. आपल्याकडे ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी बोर्डी आणि कोसबाड येथे हीच दृष्टी परिसरातील स्वस्त साधनांनिशी आदिवासी पाड्यांपर्यंत नेली.

स्वतःच्या बाळाला घर देऊ न शकलेल्या मातेने परक्या बाळांसाठी घर उभारले. तिचा न्याय करण्याचा अधिकार आम्हाला नाही. मात्र तिची शिकवण आपण आपल्या घरात आणावी, असे आम्हाला मनापासून वाटते. मूल स्वतःचे बटण लावण्यासाठी धडपडत असेल, तेव्हा आपण क्षणभर हात आवरावा.